बिननावाची बाटली

संपादक दोस्तांनी अंकासाठी कविता मागितली होती. कविता आहेत, वहीत पडून आहेत. या खेपेला मला कास्टिक, ब्लिचिंग पावडर, ॲसिड आणि गॅस यांच्यावर लिहायचंय. कुणी म्हणेल, हे साहित्य नव्हे, हे फॅक्टरी इन्स्पेक्टरचं काम. असेल बुवा. पण इन्स्पेक्टर आमच्या वस्तीत येत नाही, हा अंक येतो. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो, पार शाई पुसेपर्यंत. म्हणून इथं लिहितो.

मी घाटाखालच्या एका कागदगिरणीत ठेक्यावर आहे. वय सव्वीस. राहायला लोणावळ्याच्या कडेला, आमच्या लोकांच्या वस्तीत. दहावीत शाळा सुटली ती सुटलीच. त्यानंतर जे शिकलो ते रद्दीत शिकलो. आमच्या गिरणीत जुन्या कागदाचा नवा कागद होतो. मुंबई-पुण्याहून रद्दीच्या गाठी येतात. गाठ फोडायची, प्लास्टिक, तारा, पिना काढायच्या आणि माल पल्परमध्ये ढकलायचा. पल्पर म्हणजे मोठा हंडा, तळाला पातं फिरतं, कागदाचा लगदा होतो. ढकलायच्या आधी जे वाचण्यासारखं हाताला लागेल ते मी शर्टात घालतो. कादंबऱ्या, दिवाळी अंक, कोर्टाचे कागद, कुणाच्या लग्नाच्या पत्रिका. एकदा अकरावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक मिळालं, पुढची पानं फाटलेलं. कुठल्याही कादंबरीपेक्षा मी ते जास्त वेळा वाचलं. कारण त्यात आमच्या खात्यातल्या ड्रमांची नावं होती. ज्यांना आम्ही पाच वर्षं नुसतं 'निळा ड्रम' आणि 'पांढरा ड्रम' म्हणत होतो त्यांना नावं होती, गुण होते, एकमेकांशी वैर होतं. कुणाचं कुणाशी जमत नाही ते सगळं लिहिलेलं होतं. आणि पाच वर्षांत यातलं एक अक्षर आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी नावं गोळा करतो.

घाटात रोजचं येणंजाणं. गाडी अडली की समोर टँकरची पाठ. टँकरवर एक पाटी रंगवलेली असते, तिच्यावर चार आकडे. हे आकडे गाडीच्या नंबरचे नव्हेत. ते संयुक्त राष्ट्रसंघानं ठरवलेले आहेत, जगात कुठंही गेलात तरी तेच. आपल्याकडं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय की धोक्याचा माल नेणाऱ्या गाडीवर मालाचं नाव, हा आकडा, धोक्याचं चौकोनी चिन्ह आणि फोन नंबर असलाच पाहिजे. मी ते पाठ केलेत. १००५ अमोनिया. १०१७ क्लोरीन. १०७५ सैपाकाचा गॅस. १२०३ पेट्रोल. १२३० मिथेनॉल. १७८९ हायड्रोक्लोरिक ॲसिड. १७९१ हायपो. १८२४ पातळ कास्टिक. १८३० सल्फ्युरिक ॲसिड. त्याच पाटीवर आग विझवणाऱ्यांसाठी एक छोटा कोड असतो. त्याच्या शेवटी इंग्रजी 'ई' असेल तर अर्थ असा की आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. घाटाखाली रसायनी, पाताळगंगा, थळ. घाटावर तळेगाव, चाकण, त्याच्या पुढं पार कुरकुंभ. वर-खाली जाणारं सगळं विष आमच्या दारावरून जातं. आमच्या वस्तीतल्या पोरांना गाड्यांच्या कंपन्या ओळखता येतात, हे आकडे ओळखता येत नाहीत. मी आता त्यांना शिकवतो. खेळासारखे शिकतात.

१३ जून २०२३. मंगळवार. एक्सप्रेसवेवर खंडाळ्याजवळ कुणे गावाच्या पुलावर ज्वालाग्राही रसायनाचा टँकर उलटला आणि पेटला. चार माणसं गेली. त्यातली काही पुलावर नव्हतीच. ती पुलाखालच्या रस्त्यानं दुचाकीवरून आपल्या कामाला चालली होती, त्यात एक बाई आणि लेकरू. पेटतं रसायन वरून त्यांच्या अंगावर आलं. हे नीट समजून घ्या. ज्यांचा त्या मालाशी संबंध नव्हता, ज्यांनी टोल भरून त्या रस्त्यावर पाय ठेवला नव्हता, त्यांच्यावर तो रस्ता पडला. एक्सप्रेसवे वरून जातो आणि गाव खाली असतं. पुलाच्या खाली कोण राहतं, कोण चालतं, हे नकाशा काढणाऱ्याला ठाऊक असतं.

ज्वालाग्राही म्हणजे नुसतं लवकर पेटणारं नव्हे. उदाहरण मिथेनॉलचं घ्या, १२३० आकड्याचं. दिसायला पाणी. पेटलं तर त्याची ज्वाळा दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. माणूस आगीत चालत जातो आणि त्याला कळत नाही की इथं आग आहे. हेच मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, मग जीव जातो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली, ती मिथेनॉलनंच. मरणारे कोण होते? हातावर पोट असणारे. तेव्हा काही लोक म्हणाले, पिणाऱ्यांनी प्यायलाच नको होतं. बाटलीत काय भरलंय हे सांगायचं काम भरणाराचं की पिणाराचं, हा सवाल मला तेव्हापासून पडलाय.

शेजारच्या मुळशीत उरवडे गाव आहे. ७ जून २०२१ ला तिथल्या कारखान्याला आग लागली. पाणी शुद्ध करायची क्लोरीन डायऑक्साइडची उत्पादनं तिथं व्हायची. सतरा माणसं जळून गेली. सतरापैकी पंधरा बाया. आजूबाजूच्या गावांतल्या, पॅकिंगला बसणाऱ्या. मग ८ डिसेंबर २०२३ ला तळवडे, आमच्या मावळाच्या शिवेजवळच. वाढदिवसाच्या केकवर उडणाऱ्या फुलबाज्या भरायचं शेड. जागीच सहा जण जळाले, नंतर इस्पितळात आकडा वाढत गेला. तिथंही बायाच जास्त. एका ठिकाणी लोकांचं पाणी शुद्ध व्हावं म्हणून, दुसऱ्या ठिकाणी कुणाच्या लेकराचा वाढदिवस चमकावा म्हणून. पॅकिंग हे हलकं काम समजतात, म्हणून बायांना देतात, म्हणून पगार हलका. पण क्लोरीन डायऑक्साइड हा पदार्थ मुळात जाळायला मदत करणारा आहे, त्याचा वायू साठला तर स्वतःच स्फोट पावतो. फुलबाजीची दारू हवेतल्या प्राणवायूसाठी थांबत नाही, ती आपला प्राणवायू पोटात घेऊनच येते. असल्या मालाशेजारी बसणं हे हलकं काम कसं?

आता जरा मागं जातो. मुंबईच्या कापडगिरण्यांत एक काळ असा होता की आपल्या माणसाला विणाई खात्यात घेत नसत. साच्यात पगार जास्त होता. पण धोटा भरायचा तर धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावं लागायचं. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. सवर्ण कामगार म्हणायचे, महाराचं तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना हेच विचारलं की तुमच्या मागण्यांत हा अन्याय का नाही. त्या तोंडानं ओढण्यानं क्षय एकाकडून दुसऱ्याकडं जायचा, कापसाची धूळ छातीत जायची. त्याची भीती कुणाला नव्हती. भीती विटाळाची होती.

मी हे का सांगतो? कारण विणाई खातं आपल्याला बंद होतं, पण ॲसिडचं खातं, मोरीचं खातं, टाकीचं खातं आपल्याला कधीच बंद नव्हतं. तिथं कुणी म्हणालं नाही की तुमचा हात नको. आमच्या गिरणीत आज जात विचारत नाहीत. अर्जावर तो रकाना नाही. पण ब्लीचच्या खात्यात बघा: तीन आमच्या वस्तीतले, दोन कातकरी, बाकीचे बिहार-ओडिशाकडचे, त्यांची आडनावं विचारली की तेही आपलेच निघतात. मशीनच्या कोरड्या टोकाला, जिथं कागद गुंडाळला जातो, पंखा लागतो, खुर्ची असते, तिथली आडनावं वेगळी. कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. न ठरवताच होतं, हेच तर शेकडो वर्षांचं कसब आहे.

आता आमच्या आयचं सांगतो.

आय लोणावळ्यात बंगल्यांवर कामाला जाते. पूर्वी बंगले पारशांचे, शेटजींचे, उन्हाळ्यात उघडायचे. आता दर शनिवार-रविवारी भाड्यानं जातात, तळ्याला पोहायचा हौद, वीस-पंचवीस माणसं येतात, रात्रभर गाणी. सोमवारी संडास आयच्या वाट्याला. दोन वर्षांमागं पावसाळ्यातल्या एका सोमवारी मॅनेजरनं तिला सांगितलं, दुपारी दुसरी पार्टी येतीय, डाग राहता कामा नये. तिला दिलं काय? एका कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत सुट्टं ॲसिड आणि हौदात टाकायच्या पावडरीची पुडी. दोन्हींवर नाव नाही. तिनं आधी ॲसिड टाकलं, डाग निघेना म्हणून वरून पावडर टाकली. खिडकी पावसामुळं बंद. भांड्यातून पिवळसर हिरवा धूर उठला. ती म्हणते, "कुणीतरी छातीवर बसल्यावाणी झालं बघ." रांगत बाहेर आली, पायरीवर पडली. मॅनेजर काय म्हणाला? "मावशी, पाहुणे येतील, जरा मागच्या बाजूला बसा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चांगलं बघितलं. ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काय काय मिसळलं होतं?" आय म्हणाली, "काय म्हाईत बाई, येक बाटली व्हती, येक पुडी." डॉक्टरनं औषध कशावर द्यायचं ते बाटलीवर लिहिलेलं नव्हतं, बाईंनाही अंदाजानं चालावं लागलं. बरी झाली आय. पण आजही वळवणच्या चढावर दोनदा थांबते. बंगल्यावाल्यांनी दवाखान्याचं बिल दिलं नाही. म्हणाले, तिनं स्वतः मिसळलं.

त्या संडासात जे झालं ते रद्दीतल्या पुस्तकाच्या दीड ओळीत आहे. ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन सुटतो. हाच तो क्लोरीन, जो २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन फौजेनं नळकांड्यांतून समोरच्या खंदकांवर सोडला होता. हवेपेक्षा अडीच पट जड. म्हणून जमिनीलगत, खड्ड्यात, खंदकात, बंद मोरीत साठतो. छातीतल्या पाण्याशी मिळून तिथंच ॲसिड करतो. दोन देशांच्या लढाईत वापरला तर ते युद्ध ठरतं, त्यावर पुस्तकं निघतात. लोणावळ्याच्या संडासात आयनं घेतला तर तो मावशीचा अडाणीपणा! ब्लीच नुसत्या लघवीवर टाकलं तरी त्रासदायक वायू होतो, कारण लघवीत अमोनिया असतो. हे तरी संडास धुणाऱ्या कुठल्या बाईला सांगितलंय कुणी? आणि हे फक्त अडाण्यांचं म्हणाल तर आमच्याच लोकल लाइनवर कासारवाडी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर क्लोरीन सुटला, पोहायला आलेली माणसं खोकत बाहेर पळाली, दवाखान्यात न्यावी लागली.

सुट्ट्या ॲसिडबद्दल सुप्रीम कोर्टानं १८ जुलै २०१३ ला हुकूम दिलाय. विकणारानं वहीत नोंद ठेवायची, घेणाराचं ओळखपत्र बघायचं, अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही. हुकूम झाला तो पोरींच्या तोंडावर ॲसिड फेकतात म्हणून. चांगलाच झाला. पण संडासात बसून रोज थोडं थोडं ॲसिड ज्यांच्या छातीत जातं त्यांची केस अजून कुठल्या कोर्टात उभी नाही. कंपनीच्या बाटलीतल्या टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड सुमारे दहा टक्के असतं. सुट्ट्या बाटलीत त्याच्या तिप्पट असू शकतं, आणि किती आहे ते कुणालाच माहीत नसतं.

आता गिरणीचं. कास्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. रद्दीवरची शाई सोडवायला लागतं. ॲसिड लागलं तर माणूस लगेच ओरडतो. कास्टिक लबाड आहे. हाताला लागलं की आधी नुसतं बुळबुळीत वाटतं, साबणासारखं. वाटतं कारण खरंच साबण होत असतो. कास्टिक आणि चरबी मिळून साबण होतो, आणि चरबी आपल्या कातडीतली असते. दुखायला लागेपर्यंत ते आत गेलेलं असतं. डोळ्यात गेलं तर ॲसिडपेक्षा वाईट, खोल जातं. आमच्या खात्यात नवीन आलेल्या पोराला जुना माणूस शिकवतो, "बुळबुळ लागली की पळ नळाकडं." हे शिक्षण कंपनीचं नाही. हे अंगावरच्या डागांचं शिक्षण आहे. नळ मात्र पंचवीस पावलांवर आहे. पाच पावलांवर हवा, अशी आमची मागणी आहे. तिला दीड वर्ष झालं.

आणि टाकी. दिवाळीत गिरणी पाच-सहा दिवस बंद असते. लगद्याच्या टाकीत माल राहून जातो. कागद हे जंतूंचं खाणं. हवा नाही अशा जागी ते जंतू लगदा सडवतात आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा गॅस सोडतात. सडक्या अंड्याचा वास. हाच गॅस संडासाच्या टाकीत, ड्रेनेजात. याची एक गोष्ट प्रत्येकानं कानात कोरून ठेवावी. हवेच्या दहा लाख भागांत एक भागही नसला तरी नाकाला कळतो. पण शंभर भाग झाले की नाकाची नस मरते आणि वास येईनासा होतो. म्हणजे वास गेला, बरं झालं, असं वाटतं तेव्हाच मरण समोर उभं असतं. सातशे-हजारावर गेला की एक-दोन श्वासात माणूस खाली. वरचा बघतो, अरे हा पडला, धरायला उतरतो, तोही पडतो. तिसरा त्यांच्या मागं. पेपरात बातमी येते, एकाला वाचवताना तिघांचा मृत्यू. मार्च २०२२ मध्ये पुण्याजवळ लोणी काळभोरला एका सोसायटीच्या टाकीत असेच चार गेले. चौघंही एकमेकांना सोडून पळाले नाहीत. आपल्या माणसाचा चांगुलपणाच त्याला खाली ओढतो.

गेल्या दिवाळीनंतर ठेकेदार आम्हा चौघांना म्हणाला, "टाकीत उतरा, तळाचा गाळ काढा. पाचशे रुपये वरचे." मी म्हणालो, आधी गॅस मोजा. तो हसला. म्हणाला, "अरे, विहिरीत उतरताना तुझा आजा काय मीटर लावायचा? कंदील सोड खाली. विझला नाही तर उतर." आता हे कंदिलाचं शहाणपण आपल्या गावाकडं सगळे सांगतात, म्हणून इथं खोडतो. कंदील फक्त एवढंच सांगतो की प्राणवायू फार कमी झालाय का. हायड्रोजन सल्फाइडनं माणूस मरतो त्या हवेत कंदील खुशाल जळत राहतो. आणि सडलेल्या टाकीत मिथेन असेल तर कंदिलानं टाकीच पेटते. मी हे बोललो. फिटरकाका जुने, त्यांनी मान डोलावली, पण तोंड उघडलं नाही, त्यांचं पेन्शनीचं एक वर्ष राहिलंय. आम्ही चौघं झाकणापाशी उभे राहिलो, उतरलो नाही. संध्याकाळी ठेकेदारानं दुसरी चार पोरं आणली, ओडिशाची. मी त्यांना मोडक्या हिंदीत सांगितलं, "नीचे गॅस है, बास नहीं आयेगा, सीधा मौत है." त्यांच्यातला एक माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "हमारे गाँव का एक लडका ऐसे ही गया." तेही बसले. आठ माणसं झाकणाभोवती बसली. कुणी घोषणा दिली नाही, लाल नाही, निळा नाही, कुठलाच झेंडा नव्हता. रात्री दहाला मॅनेजर आला. दुसऱ्या दिवशी दोन्ही झाकणं उघडली, दिवसभर हवा मारायचं मशीन लावलं, बाहेरून मीटर मागवला, कमरेला पट्टा आणि दोरी दिली. तिसऱ्या दिवशी माणूस उतरला, आणि वर आला. मला आणि आमच्या वस्तीतल्या आणखी एकाला सतरा दिवस गेटवर थांबवलं. कारण लेखी दिलं नाही. सतरा दिवसांचे पैसे अजून मिळायचेत.

कायदा काय म्हणतो ते सांगतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळात मिथाइल आयसोसायनेट सुटला. गिरणीच्या भिंतीला लागून झोपड्या होत्या. टाकीत काय आहे हे त्या झोपड्यांना माहीत नव्हतं. दवाखान्यात माणसांचे ढीग लागले तरी डॉक्टरांना कोणता गॅस, त्यावर काय करायचं, हे कंपनीनं धड सांगितलं नाही. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात नवी कलमं घातली. धोका काय ते कामगाराला आणि शेजारच्या वस्तीला सांगायचं. जिवाला धोका दिसला तर कामगारानं तो लक्षात आणून द्यायचा हक्क. म्हणजे हा हक्क आपल्याला भोपाळच्या मढ्यांनी मिळवून दिलाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी नवी कामगार संहिता लागू झाली. तिच्यातही कामगाराला आपल्या सुरक्षेची माहिती मालकाकडून मागायचा हक्क लिहिलेला आहे. पण तिनं फॅक्टरीची व्याख्या अशी केलीय की वीज वापरणाऱ्या जागी वीस माणसं असतील तरच ती फॅक्टरी. एकोणीस माणसांच्या शेडमध्ये रसायन कमी जळतं का? संडासाच्या आणि ड्रेनेजच्या टाकीत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. २० ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गटारात मेलेल्याच्या घरच्यांना तीस लाख द्या. तीस लाख हा आकडा वस्तीत सगळ्यांना पाठ आहे. गॅसचं नाव पाठ नाही. मेल्यावर काय मिळतं ते आपल्यापर्यंत पोचतं, मरू नये म्हणून काय करायचं ते पोचत नाही.

म्हणून खाली जे लिहितो ते मोठ्यानं वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकवा. आमच्या वस्तीत दर रविवारी मी ते वाचून दाखवतो.

एक. ब्लीच आणि ॲसिड कधीच एकत्र करायचं नाही. एक वापरलं तर भरपूर पाण्यानं धुवून टाकायचं, दुसऱ्या दिवशीच दुसरं. खिडकी उघडी, दार उघडं, पाऊस असला तरी.

दोन. ॲसिड पातळ करायचं तर पाण्यात ॲसिड सोडायचं, धार बारीक. ॲसिडमध्ये पाणी ओतलं तर ते उकळून तोंडावर उडतं.

तीन. कास्टिक किंवा ॲसिड डोळ्यात, अंगावर गेलं तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली, वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस. लिंबू, हळद, दही, तेल काही लावायचं नाही. पाणी झाल्यावर डॉक्टर. पोटात गेलं तर उलटी काढायची नाही, वर येताना ते दुसऱ्यांदा जाळतं.

चार. क्लोरीनचा वास आला तर खाली वाकायचं नाही, लपायचं नाही. वाऱ्याच्या आडवं, चढावर पळायचं. अमोनिया मात्र हवेपेक्षा हलका, तो वर जातो.

पाच. टाकीत माणूस पडला तर त्याच्या मागं उतरायचं नाही. आई शप्पथ उतरायचं नाही. ११२ लावायचा, १०८ लावायचा, वरून हवा मारायची, दोरी असेल तर ओढायचं. दोरी आधीच बांधलेली असली पाहिजे.

सहा. टँकर उलटला तर मोबाइल काढून जवळ जायचं नाही, सांडलेलं भांड्यात भरायचं नाही. लांबून आकडा वाचायचा आणि तो फोनवर सांगायचा. सांगणारा शिकलेला नसला तरी चालतो, चार आकडे वाचता आले म्हणजे झालं.

सात. बिननावाची बाटली हातात घ्यायची नाही. आधी विचारायचं, हिच्यात काय आहे? सांगितलं तर बाटलीवर लिहायचं. सांगितलं नाही तर काम करायचं नाही. एकट्यानं नकार दिला तर गेटवर थांबवतात, आठ जणांनी मिळून बसलं तर मीटर येतो. हे मी बघितलेलं आहे.

आयनं आता बंगल्यावर स्वतःची पेन्सिल नेली आहे. तिला लिहिता येत नाही. ती ॲसिडच्या बाटलीवर फुली काढते आणि पावडरीच्या डब्यावर गोल काढते. बरोबरच्या बायांना सांगते, "फुली अन गोल येका दिवशी न्हाय." पाच बंगल्यांवर आता ही खूण चालते.

दोस्तांनो, तुमच्या खात्यात कुठले ड्रम आहेत ते अंकाच्या पत्त्यावर कळवा. नाव माहीत नसेल तर पाटीवरचा आकडा कळवा, आकडाही नसेल तर रंग आणि वास कळवा. शोधून काढू आणि पुढच्या अंकात छापू. जयभीम.